पंचमी, सप्तमी आणि इजिप्तचा पोप

नीलकाठ

२०१२ सालचा नोव्हेंबर. कामानिमित्त मी कैरोत होतो, शुब्रा भागात एका जुन्या इमारतीत भाड्याने राहायचो. ४ तारखेला रविवार होता. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे माझा कामाचा दिवस. जिना उतरत होतो तर घरमालकीण बाईंनी हाताला धरून आत नेलं आणि टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर खच्चून भरलेलं चर्च. वेदीसमोर एक लहान मुलगा, डोळ्यांवर पट्टी. पुढ्यात काचेचं भांडं, त्यावर लाल लाखेची मोहोर. मोहोर फोडली, मुलाने हात घालून आतल्या तिघांतलं एक नाव काढलं, एका वृद्ध बिशपांनी ते वर धरलं. तवाद्रोस. बाई ढसाढसा रडायला लागल्या.

मी विचारलं, काय झालं?
म्हणाल्या, पोप निवडला.
मी म्हटलं, पोप तर रोममध्ये असतो ना?
त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तो शब्द आधी आमचा."

ऑफिसला अर्थातच उशीर झाला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग वाचायला लागलो, दोन वर्षं जमेल तितक्या जुन्या चर्चांमधून फिरलो, त्यातलं थोडं इथे मांडतोय.

बाईंचं म्हणणं खरं निघालं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या जुन्या चर्चचे तेरावे प्रमुख हेराक्लास (२३२ ते २४८) यांना त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या दिओनिसियुसने एका पत्रात 'पापा' म्हटलंय. रोमच्या बिशपांना ही उपाधी चिकटली ती नंतर. तवाद्रोस दुसरे हे या गादीवरचे ११८ वे. (निवडीच्या दिवशी त्यांचा साठावा वाढदिवसही होता.)

पहिला कोण? परंपरा सांगते, संत मार्क, शुभवर्तमान लिहिणारा. अलेक्झांड्रियात पाऊल ठेवलं आणि चालून चालून त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला. गेला चांभाराकडे. चांभाराचं नाव अनियानुस. शिवताना आरी हातात घुसली, तो कळवळून ओरडला, "देव एकच!" मार्कने हात बरा केला आणि विचारलं, आत्ता ज्या एका देवाचं नाव घेतलंस, तो तुला माहीत आहे का? हा अनियानुसच पुढे दुसरा धर्माध्यक्ष झाला. मार्कच्या खालोखाल थेट चांभार, हे मला फार आवडलं.

बारावे दिमेत्रियुस (१८९ ते २३२). परंपरेप्रमाणे द्राक्षमळ्यात राबणारा, लिहिता-वाचता न येणारा, लग्न झालेला माणूस. आधीचे धर्माध्यक्ष मरणशय्येवर होते. त्यांना स्वप्न पडलं की उद्या जो द्राक्षं घेऊन येईल तो तुझ्यामागे गादीवर बसेल. हंगाम नसताना हा गडी घड घेऊन हजर! पुढे ४३ वर्षं त्याने गादी सांभाळली. त्याच्याच काळात अलेक्झांड्रियाची धर्मशाळा (शिकण्याची, उतरण्याची नव्हे) नावारूपाला आली. तिथला सगळ्यात मोठा पंडित ओरिजेन. आणि ओरिजेनला शहराबाहेर घालवणारे कोण, तर हेच दिमेत्रियुस.

मग छळाचा काळ. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इतकी माणसं मारली की इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी त्याच्या राज्यारोहणाचं वर्ष, इ.स. २८४, हेच आपल्या कालगणनेचं पहिलं वर्ष धरलं. 'हुतात्म्यांचं शक' म्हणा हवं तर. मारणाऱ्याच्या नावाने सुरू झालेली गणना मेलेल्यांच्या नावावर केली. सतरावे धर्माध्यक्ष पेत्र ३११ मध्ये मारले गेले, त्यांना 'हुतात्म्यांची मोहोर' म्हणतात. यादी इथे बंद होते अशा अर्थाने. ती बंद झाली नाही हा भाग वेगळा.

खरी गंमत ४५१ सालची आहे. ती प्रतिसादांत लिहितो, जेवण व्हायचंय.

शंकेखोर

वाचतोय. पण चांभार, द्राक्षं, स्वप्न… यात इतिहास किती आणि आख्यान किती? आमच्या गावच्या देवळाची पण अशी गोष्ट आहे, त्यात गाय येते.

नीलकाठ

रास्त. पहिल्या दहा धर्माध्यक्षांची जवळजवळ फक्त नावंच हाती आहेत. चौथ्या शतकात युसेबियसने चर्चचा इतिहास लिहिला, त्यात ती यादी येते. दिमेत्रियुसपासून पुढे जमीन घट्ट लागते, कारण पत्रं आहेत, भांडणं आहेत, विरोधकांनी लिहिलेलं आहे. मार्क खरंच अलेक्झांड्रियाला आला का, याला त्याच काळातला पुरावा नाही. पण मार्कच्या अस्थींवरून मात्र खराखुरा इतिहास घडला. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी त्या अलेक्झांड्रियातून पळवल्या. सांगतात की वर डुकराचं मांस रचलं होतं, म्हणजे मुस्लिम जकातवाले हात लावणार नाहीत. ११४० वर्षांनी, १९६८ साली, रोमच्या पोप सहावे पॉल यांनी त्यातला एक भाग कैरोला परत दिला. तेव्हा कैरोतल्या नव्या कॅथेड्रलच्या सोहळ्याला इजिप्तचे अध्यक्ष नासर आणि इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी दोघेही हजर होते.

मस्कतची मावशी

माझ्याबरोबर बँकेत एक इजिप्शियन बाई होत्या, त्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या याच चर्चच्या. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा गोंदलेला क्रूस. मला आमच्या आजीच्या हातावरचं गोंदण आठवायचं. आणि उपास! बाई गं. आपली चतुर्थी, एकादशी काहीच नाही. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस मांस, दूध, अंडी बंद. ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. त्या जेवणाला 'सियामी' म्हणतात. ऑफिसात केक कापला की त्या विचारायच्या, सियामी आहे का? मी म्हणायचे, आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी मिळते, तीत तूप घालू नका म्हणजे तुम्हालाही चालेल. एकदा करून नेली. डबा पुसून परत आला.

निवृत्त मास्तर

नीलकाठ, जेवण झालं असेल तर ४५१ कडे वळा. 'एक प्रकृती, दोन प्रकृती' असं काहीतरी अर्धवट वाचलेलं आठवतं. नेमकं भांडण कशावरून होतं?

नीलकाठ

मास्तर, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आणि एका माणसाला वगळून पुढे जाता येत नाही, तो म्हणजे विसावा धर्माध्यक्ष अथनासियुस.

आरियस नावाचा अलेक्झांड्रियाचाच एक धर्मगुरू शिकवत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. त्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसिया इथे धर्मपरिषद भरवली. अथनासियुस तेव्हा तरुण सेवक होता, तीन वर्षांनी गादीवर बसला. ४५ वर्षं गादी, त्यातली जवळपास १७ हद्दपारीत. एकूण पाच वेळा हाकललं. चार वेगवेगळ्या सम्राटांनी.

पहिल्या हद्दपारीची कथा ऐका. ३३५ मध्ये टायर इथे त्याच्यावर खटला. आरोप, याने आर्सेनियुस नावाच्या बिशपाचा खून करून हात तोडला. पुरावा म्हणून एक वाळका हातही दाखवला. अथनासियुसने झग्यात गुंडाळलेला एक माणूस सभेत आणला. तोंड उघडं केलं तर आर्सेनियुस, जिवंत! मग झग्यातून त्याचा एक हात बाहेर काढला, थोडं थांबून दुसरा काढला, आणि विचारलं की देवाने माणसाला दोनच हात दिलेत, तिसरा कुठून तोडला ते फिर्यादींनी सांगावं.

तरी तो हद्दपार झालाच. का? विरोधकांनी सम्राटाच्या कानावर घातलं की अथनासियुस अलेक्झांड्रियाहून राजधानी कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) जाणारी गव्हाची गलबतं अडवीन म्हणतो. संपलं. सम्राटाने उचलून थेट ट्रियरला, आजच्या जर्मनीत, पाठवला.

तो गहू लक्षात ठेवा. नाईलचा गहू थांबला तर राजधानी उपाशी. अलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्षाकडे सम्राट नेहमी अर्ध्या भीतीने बघायचा ते त्यामुळे.

आता गादीचं राजकारण. नायसियाला मोठी पीठं तीन धरलेली: रोम, अलेक्झांड्रिया, अंतियोक. कॉन्स्टँटिनोपल तेव्हा उभं राहत होतं. ३८१ च्या परिषदेत ठराव झाला की कॉन्स्टँटिनोपल हे 'नवं रोम', म्हणून मानात रोमच्या खालोखाल त्याचा बिशप. पूर्वेत इतकी वर्षं पहिलं असलेलं अलेक्झांड्रिया एका ओळीत खाली सरकलं. पुढे काय झालं ते ओळीने बघा. ४०३ मध्ये अलेक्झांड्रियाच्या थिओफिलुसने कॉन्स्टँटिनोपलच्या जॉन ख्रिसोस्तोमला पदच्युत करवलं. ४३१ मध्ये एफेसस इथे त्याच्या भाच्याने, किरिलने, कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्तोरियुसला पाडलं. ४४९ मध्ये पुन्हा एफेससलाच किरिलच्या वारसाने, दिओस्कोरुसने, कॉन्स्टँटिनोपलच्या फ्लावियनला पाडलं, आणि त्या धक्काबुक्कीनंतर फ्लावियन थोड्याच दिवसांत गेला. अर्धशतकात अलेक्झांड्रियाच्या तीन धर्माध्यक्षांनी राजधानीचे तीन धर्माध्यक्ष उडवले. चौथ्या डावात उलटणारच होतं.

सुकेळी

मी वसईची, कॅथलिक. छान चाललंय, पण सगळंच राजकारणावर ढकलू नका बुवा. नेस्तोरियुसचं आणि किरिलचं भांडण होतं की मरियेला 'देवमाता' म्हणायचं की फक्त 'ख्रिस्तमाता'. आज आमच्याकडे रोझरीत म्हातारी माणसं 'पवित्र मरिये, परमेश्वराच्या माते' म्हणतात, त्या शब्दामागे एफेससच आहे. अलेक्झांड्रियाच्या त्या कजाग माणसाचे आम्ही ऋणी आहोत.

नीलकाठ

मान्य. किरिल कजाग होता आणि बरोबरही होता, निदान तुमच्या आणि कॉप्टांच्या मते.

मास्तर, आता तुमचा प्रश्न. ख्रिस्त देव आणि माणूस, यावर दोन्ही बाजू एकमत. वाद पुढचा: त्याची प्रकृती, म्हणजे मूळ स्वरूप, एक मोजायची की देवाची आणि माणसाची अशा दोन. किरिलचं आवडतं सूत्र होतं, 'देहधारी झालेल्या देवशब्दाची एक प्रकृती' (देवशब्द म्हणजे ख्रिस्तच). दिओस्कोरुस त्यालाच धरून बसला. तो म्हणे, ख्रिस्त दोन प्रकृतींपासून आहे हे मला मान्य, पण एक झाल्यावर पुन्हा दोन मोजायच्या नाहीत. रोमचे पोप लिओ यांनी पत्रात लिहिलं होतं की प्रत्येक प्रकृती आपापलं काम करत राहते. ४५१ ला कॅल्सेडॉनची परिषद भरली. पहिल्या मसुद्यात होतं 'दोन प्रकृतींपासून'. रोमचे प्रतिनिधी अडून बसले. सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी बिशपांना विचारलं, दिओस्कोरुस 'दोन प्रकृतींपासून' म्हणतो, लिओ 'दोन प्रकृती' म्हणतो, तुम्ही कोणाकडे? सभा ओरडली, लिओकडे! आणि शेवटच्या मसुद्यात आलं 'दोन प्रकृतींत'.

ग्रीकमध्ये एवढाच फरक. 'एक द्युओ' आणि 'एन द्युओ'. (हा 'एक' म्हणजे आपला एक नव्हे, 'पासून'.)

निवृत्त मास्तर

म्हणजे पंचमी आणि सप्तमीचं भांडण! अहो, मी ३२ वर्षं पोरांना 'ऊन, हून' आणि 'त, ई, आ' पाठ करून घेतलं. त्यावरून चर्च फुटेल असं सांगितलं असतं तर वर्गात थोडी शांतता तरी राहिली असती.

सुकेळी

मास्तर, भारीच. पण एक दुरुस्ती. कॉप्टांना 'मोनोफिसाइट' म्हणतात ते त्यांना शिवीसारखं लागतं. 'मोनो' म्हणजे एकच, एकटी. त्याचा अर्थ होतो की ख्रिस्ताचं माणूसपण देवपणात विरघळून गेलं. ते असं कधीच म्हणत नाहीत. ते स्वतःला 'मिआफिसाइट' म्हणवतात, 'मिआ' म्हणजे मिळून झालेली एक. किरिलचा दाखला तापलेल्या लोखंडाचा. लोहाराच्या भट्टीतून काढलेला फाळ, लोखंडही आहे आणि आगही, पण दोन वस्तू वेगळ्या करून दाखवा बघू. त्यांच्या उपासनेत वाक्य आहे की त्याचं देवपण त्याच्या माणूसपणापासून पापणी लवेपर्यंतही वेगळं झालं नाही. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टांचे पोप तिसरे शेनूदा यांनी व्हॅटिकनमध्ये एकत्र निवेदन काढलं, त्यात ख्रिस्ताविषयी दोघांनी एकच श्रद्धा सांगितली. पंधराशे वर्षांनी.

शंकेखोर

म्हणजे भांडण शब्दाचंच होतं, श्रद्धेचं नव्हतं. मग एवढी डोकी कशाला फोडली? बरं, डोकी फोडण्यावरून आठवलं. हायपेशियाचं काय? तिला सोडून पुढे जाताय.

नीलकाठ

सोडणार नव्हतो. हायपेशिया ही अलेक्झांड्रियाची गणिती आणि तत्त्वज्ञ, ख्रिस्ती नव्हे. शहराचा राज्यपाल ओरेस्तेस तिचा सल्ला घ्यायचा, आणि ओरेस्तेस व किरिल यांचं हाडवैर. अफवा उठली की बाईमुळेच दोघांचा समेट होत नाही. ४१५ मध्ये पेत्र नावाच्या, चर्चमध्ये धर्मग्रंथ वाचून दाखवणाऱ्या सेवकाच्या मागून आलेल्या जमावाने तिला रथातून खेचलं, चर्चमध्ये नेऊन मारलं, प्रेत जाळलं. किरिलने हुकूम दिला असा पुरावा नाही. पण त्याच काळातला ख्रिस्ती इतिहासकार सॉक्रेटिस (तो ग्रीक तत्त्वज्ञ नव्हे, दुसरा) स्वच्छ लिहितो की या कृत्याने किरिलला आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चला मोठाच कलंक लागला. त्याआधी ३९१ मध्ये थिओफिलुसच्या काळात सेरापिस देवाचं भव्य मंदिर पाडलं गेलं. कालपर्यंत हुतात्मे मोजणारी माणसं एका शतकात दुसऱ्यांना हुतात्मे करायला लागली. घरमालकीण बाईंना मी हे विचारलं होतं. त्या गप्प झाल्या आणि चहा आणायला आत गेल्या. किरिल त्यांचा 'विश्वासाचा स्तंभ' आहे.

कल्याणजंक्शन

अवांतर, पण फार नाही. अलेक्झांड्रियाचा आपल्याशी संबंध आहे. त्या धर्मशाळेचा पहिला नामवंत गुरू पंतेनुस, ओरिजेनच्याही आधीचा. युसेबियस लिहितो की तो इंडियाला गेला होता आणि तिथे त्याला हिब्रू अक्षरांतलं मत्तयचं शुभवर्तमान आढळलं, प्रेषित बार्थोलोमिओने मागे ठेवलेलं. हा इंडिया म्हणजे कोकणकिनारा, कल्याणचा परिसर, असं काही अभ्यासक मांडतात. मी कल्याणचा असल्यामुळे मला ते पटतं, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या काळी अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालाही इंडिया म्हणून मोकळे व्हायचे.

सहाव्या शतकाचा पुरावा मात्र दणकट. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास लिहितो की 'कल्लियाना' इथे बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे कल्लियाना म्हणजे आमचं कल्याण, असं बहुतेक मानतात. मजा बघा. पर्शियाचं ते चर्च नेस्तोरियुसला मानणारं, म्हणजे ज्याला किरिलने पाडलं त्याच्या बाजूचं. अलेक्झांड्रियात ज्याचं नाव काढायची सोय नव्हती, त्याची माणसं कल्याणात सुखाने उपासना करत होती!

सुकेळी

+१. आणि आज उलटंही आहे. मुंबई-पुण्यात मल्याळी ऑर्थोडॉक्स लोकांची चर्चं आहेत ना, केरळच्या मलंकरा चर्चची, ती कॅल्सेडॉन न मानणाऱ्या कुटुंबातली. कॉप्टिक, इथिओपियन, एरिट्रियन, अर्मेनियन, सीरियन आणि हे. सगळ्यांचा एकमेकांशी प्रभुभोजनाचा व्यवहार. १९६५ मध्ये हेले सेलासींनी आदिस अबाबाला या सगळ्या चर्चप्रमुखांची बैठक भरवली होती.

नांगरफाळ

मला पंचमी-सप्तमी कळत नाही. ते २८४ चं शक, त्याचे महिने काय असतात? पेरणी कशी धरतात?

नीलकाठ

नांगरफाळ, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. महिने तेरा! बारा महिने प्रत्येकी ३० दिवसांचे आणि तेरावा पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला, त्याला नैरूझ म्हणतात. पूर्वी नाईलचा पूर चढण्याशी ते जोडलेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये १७४१ सुरू झालं. महिन्यांची नावं फारोंच्या काळातल्या देवांवरून आणि सणांवरून आलेली: तूत, बाबा, हातूर, कियाह्क, तूबा, अमशीर, बरमहात… हातूर म्हणजे हाथोर देवी. ख्रिस्ती चर्चच्या पंचांगात! ख्रिस्तजन्म २९ कियाह्कला, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला.

आणि इजिप्तचे मुसलमान शेतकरीसुद्धा पीकपाणी याच महिन्यांवर धरतात. आपल्या सहदेव-भाडळीसारख्या म्हणी आहेत. तूबात, म्हणजे जानेवारीत, थंडीने म्हातारी आक्रसून जाते. अमशीर हा 'वावटळींचा बाप'. आणि 'बरमहात, शेतात जा आणि घेऊन ये', कारण मार्चमध्ये पीक हाताशी येतं.

नांगरफाळ

पडतील स्वाती तर पिकतील मोती, तसंच हे. जमलं. धर्म बदलला, भाषा बदलली, पेरणीचं गणित कोण बदलणार?

शंकेखोर

४५१ नंतर काय झालं ते राहिलं.

नीलकाठ

हो. दिओस्कोरुसला काढलं आणि गांग्रा इथे हद्दपार केलं, तिथेच ४५४ मध्ये तो वारला. एक बारीक गोष्ट सांगतो. कॉन्स्टँटिनोपलचे अनातोलियुस त्या परिषदेतच म्हणाले होते की दिओस्कोरुसला श्रद्धेसाठी काढलेलं नाही, त्याने लिओला बहिष्कृत केलं आणि तीनदा बोलावूनही आला नाही म्हणून काढलं. शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं की त्याच परिषदेत कॉन्स्टँटिनोपलचं स्थान आणखी वर चढवलं गेलं.

सरकारने त्याच्या जागी प्रोतेरियुस बसवला. सैन्याच्या पहाऱ्यात बसवावा लागला. ४५७ मध्ये सम्राट मार्शियन मेल्याची बातमी आली आणि जमावाने प्रोतेरियुसला ठार करून प्रेत गावभर फरफटवलं. तिथून गाद्या दोन झाल्या. एक सम्राटाची ग्रीक, एक जनतेची. सम्राटाच्या बाजूच्यांना लोक 'मेल्काइट' म्हणायला लागले, सीरियन भाषेत मल्का म्हणजे राजा. सरकारी पक्ष! अरबी 'मलिक' त्याच धातूचा, म्हणजे आपल्या मलिक अंबरातलाही तोच.

सातव्या शतकात सम्राट हेराक्लियसने कीरुस नावाच्या माणसाला एकदम धर्माध्यक्ष आणि राज्यपाल दोन्ही करून पाठवलं. खरे धर्माध्यक्ष बेंजामिन, ३८ वे, सुमारे १३ वर्षं वरच्या इजिप्तच्या मठांतून लपत फिरले. परंपरा सांगते की त्यांच्या भावाला मशालींनी भाजून पाण्यात बुडवलं. ६३९ मध्ये अम्र इब्न अल-आस अरबांची फौज घेऊन आला, ६४२ पर्यंत अलेक्झांड्रिया पडलं. अम्रने बेंजामिनना अभय देऊन परत बोलावलं. कॉप्टांनी अरबांचं हसत स्वागत केलं.

शंकेखोर

शेवटचं वाक्य तपासा. निकियूच्या जॉनची बखर वाचली आहे का? तो कॉप्टिक बिशप, त्याच शतकातला. त्यात कत्तली आहेत, कर आहेत, भीती आहे.

नीलकाठ

बरोबर, घाईत लिहिलं. वाक्य मागे घेतो. ख्रिस्ती सम्राटाच्या सैन्यापेक्षा नवा मालक निदान आपल्या प्रकृतींच्या भांडणात पडत नाही, एवढं समाधान असावं. जिझिया आलाच. ८३२ मध्ये करांविरुद्धचं बशमूरचं बंड खलिफा अल-मामूनच्या सैन्याने चिरडलं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला फातिमी खलिफा अल-हाकिमने चर्चं पाडली. मध्ये बरे दिवसही होते. आणि हळूहळू बहुसंख्येचे अल्पसंख्य झाले. आज इजिप्तच्या लोकसंख्येत सुमारे दहा टक्के असा अंदाज सर्रास दिला जातो.

भाषा गेली हे मला जास्त लागतं. कॉप्टिक ही काही वेगळी भाषा नव्हे, फारोंच्या इजिप्तचीच शेवटची अवस्था, ग्रीक लिपीत अधिक सहा-सात जुनी देशी अक्षरं घालून लिहिलेली. ७०६ मध्ये सरकारी दप्तर अरबीत गेलं. बाराव्या शतकात पोप दुसरे गब्रिएल यांनी उपासनेतले पाठ लोकांना अरबीत समजावून सांगायला लावले, कारण समजेनासे झाले होते. अकराव्या शतकात धर्माध्यक्षांची राहण्याची जागा अलेक्झांड्रियाहून कैरोला आली. शहर गेलं, भाषा गेली, गव्हाची गलबतं गेली. उपाधी राहिली: 'अलेक्झांड्रियाचे पोप'. आणि उपासनेत राहिलेल्या त्या भाषेमुळेच शांपोल्यों या फ्रेंच पंडिताला १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली, त्याला कॉप्टिक येत होती.

'कॉप्ट' शब्दाचंही तसंच. मेम्फिसच्या प्ताह देवाच्या देवळाचं नाव 'हूत-का-प्ताह', त्याचं ग्रीकमध्ये 'ऐगुप्तोस', त्याचं अरबीत 'किब्त'. कॉप्ट म्हणजे नुसतं इजिप्शियन.

मस्कतची मावशी

आत्ताच्या काळाचं पण लिहा ना. माझ्या त्या सहकारी बाई २०१५ च्या फेब्रुवारीत आठवडाभर कोणाशी बोलल्या नव्हत्या.

नीलकाठ

लिबियाच्या किनाऱ्यावर इसिसच्या अतिरेक्यांनी ठार केलेले ते २१ जण. वीस कॉप्ट, बहुतेक मिन्या भागातले, पोटासाठी तिकडे गेलेले मजूर, आणि एक घानाचा. पोप तवाद्रोस यांनी त्यांची नावं हुतात्म्यांच्या यादीत घातली, दिवस ८ अमशीर. नांगरफाळ, तोच वावटळींचा महिना. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना रोमच्या यादीतही घेतलं.

त्याआधीचं भराभर सांगतो. १९५९ पर्यंत इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख इजिप्तहून पाठवला जायचा, अथनासियुसने पहिला नेमला तेव्हापासून. त्या वर्षी त्यांना स्वतःचा धर्माध्यक्ष मिळाला. शेनूदा तिसरे १९७१ ला आले. १९८१ च्या सप्टेंबरात अध्यक्ष सादात यांनी त्यांची मान्यता काढून त्यांना वादी नत्रूनच्या वाळवंटातल्या मठात ठेवलं. महिन्याभरात सादात यांचीच हत्या झाली, पण शेनूदा सुटले ते १९८५ च्या जानेवारीत. अथनासियुस, दिओस्कोरुस, बेंजामिन, शेनूदा. या गादीवर बसायचं तर वाळवंटात राहायची सवय हवी.

निवृत्त मास्तर

डिसेंबरात आमचा ज्येष्ठांचा गट इजिप्तला निघालाय. पिरॅमिड, नाईलची बोट, अत्तराचं दुकान एवढंच कार्यक्रमात दिसतंय. कैरोत अर्धा दिवस मोकळा आहे. हे सगळं कुठे बघायला मिळेल?

नीलकाठ

मास्तर, अत्तराचं दुकान टाळा आणि दिवस पूर्ण घ्या. मेट्रोची पहिली लाइन, मार गिर्गिस स्टेशन. बाहेर पडलात की समोर रोमन किल्ल्याचे बुरूज. त्या किल्ल्याच्या दरवाजाच्या डोक्यावर बांधलेलं चर्च, 'मुअल्लका', म्हणजे अधांतरी टांगलेलं. २९ पायऱ्या आहेत, गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन जा. शेजारी कॉप्टिक संग्रहालय, १९०८ साली स्थापन झालेलं. थोडं पुढे बेन एझ्रा सिनेगॉग, जिथल्या जुन्या कागदांत मलबारच्या व्यापाऱ्यांची पत्रं सापडली.

मुअल्लकात संगमरवरी प्रवचनपीठ आहे, ते नीट बघा. तेरा बारीक खांबांवर उभं. गाइड सांगतात, ख्रिस्त आणि बारा शिष्य. त्यात एक खांब काळा, तो यहूदाचा. आणि एक राखाडी, तो थोमाचा, कारण त्याने जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

सुकेळी

आणि तोच पुढे भारतात आला म्हणतात. :)

शंकेखोर

राखाडी खांबाचा फोटो काढून आणा मास्तर. माझ्यासाठी.